कुणी कुणाला काय करायला लावलं?

जपानी शिकायला लागलं की पहिले काही महिने मजेत जातात. क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी, ‘मी भात खातो’ हे शब्दामागे शब्द ठेवून सांगता येतं. वाटतं, अरे, हे तर सी प्रोग्रॅमिंगपेक्षा सोपं! मग ‘मिन्ना नो निहोंगो’च्या दुसऱ्या भागात ३७ वा धडा येतो, कर्मणीचा. ४१ व्यात देणं-घेणं, ४८ व्यात प्रयोजक. आमच्या बॅचची गळती बरोब्बर इथेच सुरू झाली.

रूपं बनवणं हे आपल्या जमातीला किरकोळ आहे, सरळ अल्गोरिदमच. ‘योमु’ म्हणजे वाचणे. योमारेरु म्हणजे वाचलं जाणे, योमासेरु म्हणजे वाचायला लावणे आणि दोन्ही जोडून योमासेरारेरु, म्हणजे कुणीतरी लावल्यामुळे वाचावं लागणे (सबमिशनच्या काळात उपयोगी). ‘ताबेरु’, म्हणजे खाणे, याचं मात्र ‘ताबेरारेरु’ होतं आणि त्याचे अर्थ दोन, ‘खाल्लं जाणे’ आणि ‘खाता येणे’. जपान्यांना हसण्याआधी ‘आजीला आता चालवत नाही’ आणि ‘आजी स्कूटर चालवत नाही’ ही वाक्यं बघा. आपल्याकडे शक्य आणि प्रयोजक क्रियापदं अशीच एका रूपात राहतात.

खरी गोची अर्थात आहे. इंग्रजी पॅसिव्ह डोक्यात ठेवून जपानी कर्मणी शिकू नका. ‘आमे नी फुरारेता’ याचं शब्दशः भाषांतर ‘पावसाकडून पडलो गेलो’! पण ‘पावसाने गाठलं’ म्हणा, लगेच समजेल. झालेला त्रास माझ्या वाट्याला आला, हे त्या रूपातच सांगितलेलं असतं. गर्दीत कुणी पाय तुडवला तर ‘आशी ओ फुमारेता’. इथे वाक्य माझ्याबद्दल आहे, पायाबद्दल नाही. ‘माझा पाय तुडवला गेला’ अशी पायापासून सुरुवात केली, तर जपानी कानाला ते विचित्र लागतं.

आता देणं. आपलं एकच ‘देणे’, त्यांची दोन. माझ्याकडून बाहेर जातं ते ‘आगेरु’, माझ्याकडे येतं ते ‘कुरेरु’. वर्गातल्या केरळच्या मित्राला याचं काहीच वाटलं नाही. मल्याळममध्येही ‘मला-तुला देणे’ आणि ‘त्याला देणे’ यांना वेगळी क्रियापदं आहेत म्हणे, तरुका आणि कोडुक्कुका. मिळण्यासाठी तिसरं, ‘मोराउ’.

ही क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाला चिकटतात तेव्हा मराठी मदतीला धावून येते. ‘सेन्पाई नी नाओशिते मोरात्ता’ म्हणजे सीनियरकडून दुरुस्त करून घेतलं. फरक एवढाच, की आपल्या ‘करून घेतलं’ला काम काढून घेतल्याचा वास येऊ शकतो, तर ‘मोरात्ता’त उपकाराची जाणीव असते. ‘मित्राने शिकवलं’ म्हणताना ‘ओशिएते कुरेता’ऐवजी नुसतं ‘ओशिएता’ म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण वाक्य कोरडं होतं. मित्राने केलेल्या मदतीशी माझा जणू संबंधच नाही!

हे सगळं एकत्र येतं ते ऑफिसात. जपानी बॉसकडे सुट्टी मागायची आहे. ‘यासुमासेते इतादाकेमासेन का’ म्हणजे ‘मला सुट्टी घेऊ द्याल का?’ मधलं ‘मासे’ गाळून ‘यासुंदे इतादाकेमासेन का’ म्हटलं, की अर्थ होतो ‘आपण सुट्टीवर जाल का?’ वाक्य तितकंच नम्र, फक्त घरी बसणार बॉस! यावर माझा उपाय साधा आहे. आधी भाषांतर करायचंच नाही, प्रत्यक्ष काम कोण करणार ते शोधायचं. ‘इतादाकु’च्या आधी प्रयोजक रूप असेल तर काम बोलणाऱ्याचं, नसेल तर समोरच्याचं.

एन-४ च्या श्रवण परीक्षेला बसणाऱ्यांनी हे कानाला लावून घ्यावं, कारण तिथे कॅसेट मागे घेता येत नाही. आणि प्रेझेंटेशनच्या सुरुवातीला एखादा जपानी इंजिनिअर ‘हाप्प्यो सासेते इतादाकिमासु’ म्हणाला, तर तो परवानगी मागत नसतो. तुम्ही ती दिलीत असं धरून त्याने सुरुवात केलेली असते.