‘ओके’नंतरची शिट्टी

साताऱ्याच्या एक वाचक बाई विचारतात, ‘अर्धं ऐकून उरलेलं मन भरतं हे पटलं. पण कामात मुरलेल्या माणसांचंही असं होतं का?’ यासाठी स्पेनच्या टेनेरिफे बेटावरच्या धावपट्टीवर जायला हवं.

२७ मार्च १९७७. शेजारच्या ग्रान कानारिया बेटाच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून तिकडची विमानं टेनेरिफेच्या लहानशा लोस रोदेओसवर उतरवली होती. त्यांत दोन जंबो होती, एक डच केएलएमचं आणि दुसरं अमेरिकेच्या पॅन ॲमचं. धुकं असं उतरलं की मनोऱ्यातून धावपट्टी दिसेना. सगळी भिस्त रेडिओवर.

केएलएमचं विमान धावपट्टीच्या टोकाला उभं होतं, पॅन ॲमचं त्याच धावपट्टीवरून पुढं येत होतं. नियंत्रकानं उडाल्यावर कुठल्या मार्गानं जायचं तेवढं सांगितलं. ती उडायची परवानगी नव्हती, पण त्या सूचनेत ‘टेकऑफ’ हा शब्द होता. सहवैमानिक सूचना परत म्हणून दाखवत असतानाच ब्रेक सुटले. शेवटी तो म्हणाला, आम्ही आता ‘ॲट टेकऑफ’. नियंत्रक समजला, उभे आहेत, वाट पाहताहेत.

तो ‘ओके’ म्हणाला आणि क्षणभरानं ‘थांबा, मी सांगतो’ असं कळवू लागला. नेमकं तेव्हाच पॅन ॲमनं सांगितलं, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. या रेडिओवर दोघं एकदम बोलले की लहरींची टक्कर होऊन शिट्टी वाजते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ‘ओके’ स्वच्छ पोचलं, पुढची तीन-चार सेकंदं कर्कश शिट्टीत गेली.

फ्लाइट इंजिनिअरला शंका आली. ते पॅन ॲम बाजूला झालं नाही का, असं त्यानं विचारलं. ‘झालं की,’ कॅप्टन ठामपणे म्हणाला. पुढं कुणी बोललं नाही. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली.

हे कॅप्टन फान झांटेन नवखे नव्हते, केएलएमच्या वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख होते. त्यांचा बराच वेळ सिम्युलेटरमध्ये जाई आणि तिथं परवानगी प्रशिक्षकच देतो, ताटकळावं लागत नाही. त्यात ड्यूटीच्या तासांची मर्यादा जवळ आलेली. बाई, माझ्या मते अनुभवानं इथं घातच केला. इतक्या वर्षांत ‘ओके’नंतर काय येतं ते त्यांना पाठ झालं होतं, त्यामुळं शिट्टीतही त्यांना तेच ऐकू आलं असावं.

यावर ‘नीट ऐकत जा’ असं सांगून विमानवाले थांबले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. ‘टेकऑफ’ हा शब्द उडायची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असं ठरलं. नुसतं ‘ओके’ बाद झालं, सूचनेतला महत्त्वाचा भाग परत म्हणणं आलं. १९७९ मध्ये नासानं कॉकपिटमधल्या संवादावर कार्यशाळा घेतली, त्यातून नव्या धर्तीचं प्रशिक्षण उभं राहिलं. त्यात कनिष्ठांना शिकवतात की शंका प्रश्न करून विचारू नका. ‘बाजूला झालं नाही का?’ नव्हे, ‘पॅन ॲम धावपट्टीवर आहे, विमान थांबवा.’