दुसऱ्यांच्या हद्दीतून

पुण्याच्या नारायण पेठेतल्या कुत्र्यांच्या हद्दी महापालिकेच्या कुठल्या नकाशात नाहीत, पण भल्या पहाटे कुत्रं घेऊन बाहेर पडणाऱ्याला त्या पाठ असाव्या लागतात. मोदी गणपतीकडची टोळी वेगळी, पत्र्या मारुतीची वेगळी, लोखंडे तालमीच्या बाजूची आणखी वेगळी. मुंजाबाच्या बोळात एक म्हातारा पिवळा कुत्रा एकटाच असतो, पण त्याच्या पायरीसमोरून जाताना आमची ठमी आपण होऊन समोरच्या भिंतीला लागते. ठमी गावठी. अंगाने सडसडीत, रंगाने तांबूस, एक कान उभा आणि एक मोडलेला. तिच्यासोबत मी पेठेतून नदीकाठी, नदीकाठून टेकडीवर आणि सुट्टी असेल तेव्हा सिंहगडावर चालत जातो. या फिरण्याने एक गोष्ट मला पक्की कळली आहे: कुत्र्याबरोबरची वाट सगळी दुसऱ्यांच्या हद्दीतून जाते. कुठे कुत्र्यांच्या, कुठे पाखरांच्या, कुठे बिबट्याच्या. प्रत्येक हद्दीची रीत निराळी, आणि ती पाळली तरच फिरणं सुखाचं होतं.

आधी गल्लीची रीत. साडेपाचच्या सुमाराला दुधाच्या पिशव्यांचे क्रेट उतरत असतात, पेपरवाले गठ्ठे सोडत असतात. गाड्या नसतात, म्हणून रस्ता कुत्र्यांच्याच मालकीचा असतो. समोरून टोळी आली की नवख्या माणसाचा हात पट्टा आवळतो. नेमकं तेच करायचं नाही. पट्टा ताणला की आपल्या कुत्र्याची छाती वर उचलली जाते, मान ताठते आणि समोरच्यांना ते आव्हान वाटतं. पट्टा हातातून लोंबता ठेवायचा. अनोळखी कुत्री शहाणी असतील तर एकमेकांच्या अंगावर सरळ जात नाहीत, वळसा घालून बाजूने येतात. आपणही तसाच वळसा घ्यायचा, दोघांच्या मध्ये आपलं शरीर ठेवायचं, चाल बदलायची नाही, पळायचं तर मुळीच नाही. डोळा शेपटीवर. शेपटी सैल, सगळं अंग हलवत डोलत असेल तर हुंगू द्यायला हरकत नाही. शेपटी ताठ उभी, टोकच तेवढं थरथरतंय, पाठीवरचे केस उभे आणि तोंड घट्ट मिटलेलं, असं दिसलं की मुकाट्याने दुसरी गल्ली धरायची. आमच्या भागातल्या बऱ्याच कुत्र्यांच्या कानाला खाच आहे, म्हणजे त्यांची नसबंदी झालेली आहे. ही कुत्री मला कधी अंगावर धावून येताना दिसली नाहीत. चार भुंकणी देतात, आपली हद्द सांगतात आणि हद्द संपली की मागे फिरतात.

केसरी वाड्याजवळच्या एका खांबाशी ठमी हमखास थांबते. आधी जमिनीलगत, मग गुडघ्याएवढ्या उंचीवर, मग पुन्हा खाली, असं ती तो खांब हुंगून काढते. हुंगताना कुत्रं सेकंदाला पाचेक वेळा श्वास ओढतं आणि उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून सोडतं, त्यामुळे समोरचा वास उधळला जात नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस ते तीस कोटी. त्या खांबावर रात्रभरात कोण आलं, नर की मादी, ओळखीचं की परकं, हे सगळं तिला तिथे मिळत असतं. अशा वेळी ‘चल, चल’ करत पट्टा ओढणारी माणसं पाहिली की मला खरंच वाईट वाटतं. शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा २०१९चा एक अभ्यास आहे. त्यांनी काही कुत्र्यांना नाकाने खाऊ शोधायचा सराव दिला, काहींना मालकाच्या पायाशी नीट चालायचा. दोन आठवड्यांनी, वाडगा भरलेला आहे की रिकामा हे ठाऊक नसताना, नाकाचा सराव झालेली कुत्री त्याकडे आधीपेक्षा लवकर जाऊ लागली. दुसऱ्या गटात असा फरक पडला नाही. हुंगायला मिळालेलं कुत्रं उमेदीचं होतं, असा त्याचा अर्थ. त्यामुळे आमच्या फिरण्याचा वेग ठमी ठरवते. केळकर रस्त्यावरून भिडे पुलापर्यंत जायला माणसाला जेवढा वेळ लागतो, त्याच्या तिप्पट आम्हाला लागतो.

या संथपणाचा दुसराही फायदा झाला. अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये चार्ली नावाच्या कुत्र्याला गाडीत घेऊन देशभर हिंडला आणि त्यावरचं त्याचं पुस्तक १९६२ मध्ये आलं. अनोळखी लोकांशी ओळख काढायला तो आधी चार्लीलाच पुढे पाठवायचा. पेठेत निराळं काही होत नाही. नुसती मान हलवून पुढे जाणारे आजोबा ठमी खांबाशी थांबली की तेही थांबतात, आणि जुन्या वाड्यात कुणाकडे कोणतं कुत्रं होतं ते सांगू लागतात.

भिडे पूल पावसाळ्यात आम्ही टाळतो. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की तो पाण्याखाली जातो, आणि पाणी ओसरल्यावरही नदीपात्रातला चिखल कुत्र्याला चांगला नाही. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही. दरवर्षी रेबीजच्या लशीबरोबर त्याचीही लस डॉक्टरांना विचारून घ्यावी. त्या दिवसांत लकडी पूल बरा.

नदीपलीकडे फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मागची हनुमान टेकडी, तिथून पुढे वेताळ टेकडी. इथे आखूड पट्टा काढून मी पंधरा फुटी दोरी लावतो आणि तीही गळ्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला, म्हणजे झटका बसला तरी गळा आवळत नाही. दिवाळीच्या सुमाराला टेकडीवरचं गवत पिवळं पडतं आणि त्याला कुसळं धरतात. एक कुसळ उचलून तळहातावर घेऊन पाहा. खाली सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि वर पिळा पडलेली लांब शेपटी. तळहाताला घाम असेल तर शेपटीचा पीळ उलगडू लागतो आणि टोक गोल फिरतं. ओल लागली की उलगडायचं, सुकली की पुन्हा वळायचं, असं करत हे बी जमिनीत स्वतःला रुजवतं. कुत्र्याच्या बोटांमध्ये शिरलं तर हेच काम ते कातडीत करतं. मागचे केस त्याला परत बाहेर येऊ देत नाहीत. गाठ येते, पू होतो, कधी चिरा द्यावा लागतो. म्हणून टेकडी उतरण्यापूर्वी खाली बसून चारही पंजे, प्रत्येक दोन बोटांमधली जागा आणि कानाची आतली पाळी तपासायची. ठमी या कामाला पंजा आपण होऊन देते.

एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर यायच्या आत घरी. कुत्र्याला घाम येतो तो तळव्यांना, तोही थोडा. बाकी सगळा भार धापण्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसवत नाही.

सिंहगड समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर. आतकरवाडीची पायवाट चढताना ठमी माझ्यापेक्षा ताजी असते, पण मी अर्ध्यावर तिला सावलीत बसवतो आणि पसाभर पाणी देतो. पोटभर देत नाही. गडाची स्वतःची कुत्री आहेत. चढणाऱ्यांबरोबर ती वाटाड्यासारखी येतात आणि वर गेलं की भज्यांच्या टोपल्यांशेजारी आपापल्या जागेवर बसतात. तिथे पाहुण्याने हावरटपणा करायचा नाही, हे ठमीलाही ठाऊक आहे. मडक्यातलं दही विकणारी मावशी एकदा म्हणाली, “दादा, तिला त्या कडेला घेऊन बसा, माज्या मडक्याला तोंड लावंल.” आम्ही कडेला बसलो. तिचं म्हणणं रास्त होतं. तिच्या पोटाची जागा होती ती.

गडावर किंवा पायथ्याच्या रानात कुत्रं घेऊन तंबू ठोकायची टूम आता निघाली आहे. मी ते करत नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या आहारात वजनाने सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. सिंहगडाच्या डोंगरांतही बिबट्या आहे. तंबूबाहेर बांधलेलं कुत्रं त्याच्यासाठी मांडून ठेवलेलं ताट आहे. दिवस मावळायच्या आत गावात यावं.

कुत्र्याबरोबर रात्री काढायची विद्या आपल्याकडे खरी साधली आहे ती धनगरांना. पाऊस सरला की फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ कळप घेऊन निघतात, काही घाट उतरून कोकणात जातात आणि पुढचा पाऊस लागायच्या आत परततात. पुण्याच्या वेशीवरही त्यांचे वाडे, म्हणजे तळ, पडतात. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, कधी झोळीत कुत्र्याची पिल्लं. रात्री मेंढरं जाळीत बसतात, माणसं कडेला निजतात आणि कुत्री त्यांच्याही बाहेर असतात. खडकवासल्याच्या पुढे असा वाडा दिसला तेव्हा मी ठमीला घेऊन लांबच थांबलो. वाड्यातली दोन कुत्री उठून आमच्या आणि मेंढरांच्या मध्ये येऊन उभी राहिली. भुंकली नाहीत. घोंगडी पांघरलेल्या बाबांनी हात करून वरची वाट दाखवली, आम्ही तिने गेलो. आम्ही नजरेआड होईपर्यंत ती दोघं हलली नव्हती. इतकं नेमकं काम करणारी कुत्री मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

लांबच्या प्रवासाचं थोडक्यात. रेल्वेत कुत्रं आपल्याजवळ न्यायचं तर वातानुकूलित प्रथम वर्गाचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन आपल्या एकट्याच्या नावावर हवी, आणि पार्सल ऑफिसात नोंदणी करून शुल्क भरावं लागतं. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातल्या पेटीचा. ती पेटी मी पाहिली आहे. ठमीला मी तिच्यात ठेवणार नाही.

घरी आल्यावर गोचीड. पाऊस संपता संपता त्या फार वाढतात आणि त्यांच्या चाव्यातून येणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेततो. बोटं केसांच्या उलट दिशेने फिरवायची: कानामागे, गळपट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या बुडाशी. मसुराएवढा दाणा लागला की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा. पिळायचा नाही, त्यावर रॉकेल तर ओतायचंच नाही.

टेकडीवर कुत्रं नेणाऱ्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे. उन्हाळा लागला की तितर, टिटवी, रातवा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. रातवा अंड्यांवर बसला की पाचोळ्यात तो आपल्याला दिसत नाही, पण कुत्र्याच्या नाकाला सापडतो. मोर आणि ससेही मोकळ्या कुत्र्यांपुढे टिकत नाहीत. “आमचं काही करत नाही” असं सांगणारे लोक टेकडीवर रोज भेटतात. कुत्र्याला धावू द्यायचं तर लांब दोरी घ्या, आपणही त्याच्यामागे धावा. पण वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर, कुठल्याही टेकडीवर त्याला मोकळं सोडू नका.