रुग्णालयाची रांग, कौन्सिलची तिजोरी आणि खासदाराचा प्रश्न

इंग्लंडमध्ये गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी वर्षभर खोळंबलेल्या माणसाला कौन्सिलच्या अंदाजपत्रकाशी आपला काही संबंध आहे असं सहसा वाटत नाही. रुग्णालय एनएचएसचं, म्हणजे राष्ट्रीय आरोग्यसेवेचं, पैसा केंद्र सरकारचा. कौन्सिलचं काम कचरा उचलायचा, खड्डे बुजवायचे. खासदार तर बुधवारी दुपारी टीव्हीवर एकमेकांवर आवाज चढवतानाच दिसतात. या सगळ्या समजुतींत थोडंथोडं तथ्य आहे, म्हणून त्या टिकल्या आहेत. ब्रिटनमधल्या मराठी घरांत त्यांच्या जोडीला आणखी एक समजूत असते: आपण व्हिसावर आलेलो, आपलं कोण ऐकणार? तिच्यामुळे आपल्या लोकांचं जेवढं नुकसान होतं, तेवढं बाकी कशानं होत नसेल.

गैरसमज: प्रतीक्षायादीचा आकडा म्हणजे तेवढी माणसं

सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडची प्रतीक्षायादी सुमारे ७७ लाख ७० हजारांवर पोचली. ही यादी उपचारांची असते. एकाच बाईंची नोंद गुडघ्यासाठी एकदा आणि मोतीबिंदूसाठी पुन्हा एकदा होऊ शकते. प्रत्यक्षात थांबलेली माणसं तेव्हा सुमारे ६५ लाख होती.

म्हणजे आकडा फुगवलेला आहे का? तसंही नाही, कारण दुसऱ्या बाजूनं तो अपुरा आहे. जीपीनं, म्हणजे घरच्या डॉक्टरांनी, रेफर केल्यापासून तज्ज्ञांचे उपचार सुरू होईपर्यंतचा काळच त्यात धरतात. जीपीची अपॉइंटमेंट मिळवण्यात गेलेले दिवस त्यात नाहीत. उपचार एकदा सुरू झाले आणि पुढची तपासणी महिनोन् महिने लांबली, तरी त्या रुग्णाचं नाव यादीत दिसत नाही. 'सध्या काही करायला नको, लक्ष ठेवू' असं डॉक्टरांनी ठरवलं, की घड्याळ बंद होतं.

रांग कोविडमुळे लागली, हेही अर्धंच खरं. रेफर झालेल्यांपैकी ९२ टक्के रुग्णांचे उपचार १८ आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, असा इंग्लंडचा दंडक आहे. तो देशभरात शेवटचा पाळला गेला फेब्रुवारी २०१६ मध्ये. कोविड येण्याआधीच यादी ४५ लाखांच्या पुढे गेली होती. साथीनं ती आणखी लांबवली. जुलै २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारनं मार्च २०२९ पर्यंत हा दंडक पुन्हा गाठण्याचं वचन दिलं आहे. हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये आरोग्य हा तिथल्या सरकारांचा विषय आहे. ग्लासगोतल्या रुग्णालयाबद्दल वेस्टमिन्स्टरच्या आरोग्यमंत्र्यांना विचारून उपयोग नाही. तो प्रश्न एडिंबरातल्या संसदेत विचारावा लागतो.

गैरसमज: रुग्णालयाचा आणि कौन्सिलचा संबंध नाही

माझ्या मते रांग समजून घेण्यात सगळ्यांत जास्त अडचण याच समजुतीमुळे होते, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा, ऐंशीच्या घरातल्या एक आजी घरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, जखम भरत आली, आणि एका सकाळच्या राउंडला डॉक्टरांनी सांगितलं की आता घरी जायला हरकत नाही. पण आजी एकट्या राहतात. उठवायला, आंघोळीला, जेवण गरम करून द्यायला दिवसातून तीनचार वेळा केअरर यायला हवा. जिन्याला कठडा हवा, संडासाला उंच बैठक हवी. त्यांना कसली मदत लागेल याची पाहणी कौन्सिलच्या प्रौढ समाजसेवा विभागाला करावी लागते. मग त्या भागात माणसं मोकळी असलेली एजन्सी शोधायची आणि तिच्याशी दर ठरवायचा. हे जुळेपर्यंत आजी वॉर्डातच. तिकडे तातडीच्या विभागात दुसरा रुग्ण खाटेअभावी कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर पडून राहतो. ॲम्ब्युलन्स दाराशी अडकतात. आणि ज्या माणसाचं गुडघ्याचं ऑपरेशन त्या दिवशी ठरलेलं होतं, त्याला फोन येतो की खाट नाही, नवी तारीख कळवू.

लॉर्ड आरा दर्झी हे स्वतः शल्यविशारद. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी एनएचएसच्या प्रकृतीचा अहवाल सरकारला दिला. सामाजिक देखभालीची किंवा दुसऱ्या योग्य ठिकाणच्या सोयीची वाट पाहणाऱ्यांनी रुग्णालयांतल्या सुमारे १३ टक्के खाटा अडलेल्या आहेत, असं त्यात नोंदवलं आहे. सगळा दोष कौन्सिलांवर ढकलणं मात्र चूक ठरेल. यातले बरेच जण एनएचएसच्याच पुनर्वसनाच्या खाटेसाठी, फिजिओसाठी, नाहीतर औषधं आणि कागदपत्रांसाठी थांबलेले असतात. पण साखळीचं एक टोक कौन्सिलच्या तिजोरीशी बांधलेलं आहे, हे पक्कं.

याला जोडूनच आणखी एक गैरसमज आहे, आणि भारतातून आईवडिलांना कायमचं आणून ठेवलेल्या कुटुंबांना त्याचा मोठा धक्का बसतो. एनएचएसचे उपचार मोफत, तेव्हा म्हातारपणची देखभालही मोफतच असणार, असं ते धरून चालतात. इंग्लंडमध्ये ती मोफत नाही. बचत आणि मालमत्ता मिळून २३,२५० पौंडांच्या वर असेल, तर देखभालीचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. केअर होममध्ये कायमचं राहायला गेल्यास राहतं घरही हिशेबात येतं. पतीपत्नींपैकी दुसरं त्या घरात राहत असेल तर येत नाही. ही मर्यादा २०१० पासून बदललेली नाही, महागाई मात्र थांबलेली नाही. एका माणसाच्या आयुष्यभराच्या देखभालखर्चाला ८६,००० पौंडांची कमाल मर्यादा ऑक्टोबर २०२५ पासून लागू होणार होती. जुलै २०२४ मध्ये ती योजना रद्द झाली. स्कॉटलंडमध्ये वृद्धांची वैयक्तिक देखभाल २००२ पासून मोफत आहे, आणि तिथल्या नातेवाइकांकडून ऐकलेली माहिती इंग्लंडमध्ये सर्रास फिरते, त्यातून हा घोळ वाढतो.

गैरसमज: कौन्सिलचं दिवाळं निघालं

सप्टेंबर २०२३ मध्ये बर्मिंगहॅमच्या कौन्सिलनं 'कलम ११४'ची नोटीस काढली, तेव्हा सगळीकडे हाच मथळा होता. त्याआधी नॉर्थॅम्प्टनशर, क्रॉयडन, स्लाव, थरक आणि वोकिंग इथे असंच झालं होतं, नंतर नॉटिंगहॅममध्ये झालं. कंपनीचं दिवाळं निघतं तसं इंग्लंडमध्ये कौन्सिलचं निघत नाही. १९८८ च्या कायद्यातल्या या कलमाचा अर्थ असा, की मुख्य वित्त अधिकारी जाहीर करतो: वर्षाचा जमाखर्च जुळत नाही. त्यानंतर नवा खर्च थांबतो आणि कौन्सिलला २१ दिवसांत बैठक घेऊन मार्ग काढावा लागतो. कायद्यानं बांधलेली कामं, म्हणजे कचरा, मुलांचं संरक्षण, वृद्धांची देखभाल, चालूच राहतात. कात्री लागते ती वाचनालयं, युवा केंद्रं, कलासंस्थांचं अनुदान अशा बंधनकारक नसलेल्या किंवा कमीत कमी पातळीवर आणता येणाऱ्या गोष्टींना.

मग कौन्सिल टॅक्स वाढवून का भागवत नाहीत? कारण मनाला येईल तेवढा तो वाढवता येत नाही. समाजसेवेची जबाबदारी असलेल्या कौन्सिलला अलीकडच्या वर्षांत साधारण ५ टक्क्यांपर्यंत वाढ करता येते, त्यापुढे जनमत घ्यावं लागतं. त्या ५ पैकी २ टक्के देखभालीसाठीच असतात. अडचणीतल्या मोजक्या कौन्सिलांना सरकारनं जास्त वाढीची मुभा दिली. बर्मिंगहॅमकरांनी २०२४ मध्ये जवळजवळ १० टक्के वाढ सोसली. त्यात करासाठी घराची किंमत आजही एप्रिल १९९१ च्या भावानं धरली जाते. महाग घरांच्या भागात ५ टक्के वाढीतून मिळणारी रक्कम मोठी असते. गरीब भागात त्याच ५ टक्क्यांतून फार थोडं जमतं, आणि देखभालीची गरज तर तिथेच जास्त.

वाईट कारभार झाला नाही असं नव्हे. वोकिंगनं आपल्या ऐपतीच्या कितीतरी पट कर्ज काढून बांधकामं केली. बर्मिंगहॅमला समान वेतनाची जुनी देणी आणि फसलेली संगणकप्रणाली भोवली. पण राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं २०१८ मध्ये दाखवून दिलं, की २०१०-११ पासूनच्या सात वर्षांत सरकारकडून कौन्सिलांना मिळणारा निधी महागाई धरून जवळजवळ निम्म्यानं घटला होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता सरकारचं उत्तर कसं असतं ते जवळून पाहू. कौन्सिलांच्या निधीबद्दल प्रश्न आला, की मंत्री बहुधा 'मूलभूत खर्चक्षमता' नावाचा आकडा पुढे करतात. २०२५-२६ साठी तो सुमारे ६९ अब्ज पौंड होता, आधीच्या वर्षापेक्षा ६.८ टक्के जास्त. ऐकायला भरघोस. पण या आकड्यात सरकारी अनुदानाबरोबर कौन्सिल टॅक्सही धरलेला असतो, आणि प्रत्येक कौन्सिल परवानगीतली कमाल वाढ करेल असं गृहीत धरून. सरकारनं दिलेले म्हणून जे पैसे मोजले जातात, त्यातला मोठा वाटा रहिवाशांच्याच खिशातून जाणार असतो. दुसरा शब्द 'विशेष आर्थिक साहाय्य'. २०२५-२६ साठी ३० कौन्सिलांना ते मंजूर झालं. हे साहाय्य मुख्यतः रोजच्या खर्चासाठी कर्ज काढायची किंवा मालमत्ता विकायची परवानगी असते. अनुदान किती आणि कर्जाची मुभा किती, असं वेगळं करून विचारलं तरच खरं चित्र दिसतं.

गैरसमज: खासदाराचा प्रश्न म्हणजे बुधवारचा तमाशा

पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं बुधवारी दुपारी बारा वाजता, जेमतेम अर्धा तास चालतात. खरं काम होतं ते लेखी प्रश्नांत. आपल्या विधानसभेतल्या अतारांकित प्रश्नाशी त्यांचं जवळचं नातं आहे. खासदार वाटेल तितके साधे लेखी प्रश्न देऊ शकतात आणि त्यांचं उत्तर आठवड्याभरात अपेक्षित असतं. ठरावीक तारखेला उत्तर हवं असेल, तर असे प्रश्न दिवसाला पाचच देता येतात. प्रश्न आणि उत्तर दोन्ही संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात, आणि चुकीची माहिती दिली गेली तर ती दुरुस्त करणं मंत्र्यांवर बंधनकारक असतं.

पळवाटाही आहेत. 'ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही' हे उत्तर वारंवार येतं. माहिती गोळा करायला ८५० पौंडांहून जास्त खर्च येणार असेल, तर मंत्री नकार देऊ शकतात. मला सगळ्यांत जास्त खटकते ती विभागणी. आजींच्या खाटेबद्दल आरोग्य खात्याला विचारलं, की देखभालीची सोय ही कौन्सिलची जबाबदारी असल्याचं कळतं. कौन्सिलांच्या खात्याला विचारलं, की कौन्सिल स्वायत्त आहेत, खर्चाचा क्रम त्यांनी ठरवायचा, असं कळतं. दोन्ही उत्तरं कायद्याला धरून असतात आणि आजी तिथेच असतात. म्हणून जाणते खासदार एकच प्रश्न दोन्ही खात्यांना देतात, आणि दोघांच्या उत्तरांत जी फट राहते तिच्यावर तिसरा प्रश्न विचारतात: अमुक ट्रस्टमधला, म्हणजे रुग्णालयं चालवणाऱ्या एनएचएसच्या संस्थेतला, डिस्चार्जचा उशीर आणि त्या कौन्सिलचा देखभालीवरचा खर्च, यांच्या परस्परसंबंधाचं मूल्यमापन खात्यानं केलं आहे का? 'केलेलं नाही' हे उत्तरही मोलाचं असतं, कारण ते नोंदवलं जातं.

गैरसमज: व्हिसावर असलेल्यांचा खासदार नसतो

खासदार मतदारसंघातल्या प्रत्येक रहिवाशाचा असतो, मग त्यानं मत दिलेलं असो वा नसो. शिवाय राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून, ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांना तिथल्या संसदेसाठी आणि कौन्सिलसाठी मतदानाचा हक्क आहे. नाव नोंदवावं लागतं, एवढंच. कितीतरी मराठी मंडळी वर्षानुवर्षं कौन्सिल टॅक्स भरतात, व्हिसाच्या अर्जाबरोबर प्रौढामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरतात, आणि नोंदणीचं पत्र मात्र जाहिरात समजून टाकून देतात. त्या अधिभारामुळे रांगेत पुढे जाता येत नाही, मागेही ढकललं जात नाही. उपचारांची गरज एवढाच निकष.

खासदारही कुणाला रांगेत पुढे घालू शकत नाही, तशी अपेक्षा ठेवून लिहू नये. ट्रस्टच्या प्रमुखाला पत्र पाठवणं, हरवलेलं रेफरल शोधायला लावणं, उत्तर मागणं हे तो करू शकतो. पत्रात पोस्टकोडसह पूर्ण पत्ता द्यावा, नाहीतर उत्तर येणार नाही. रेफरलची तारीख, ट्रस्टचं आणि विभागाचं नाव, आतापर्यंत रद्द झालेल्या तारखा एवढं लिहिलं तरी पुरे. ट्रस्टवार प्रतीक्षेचे आकडे एनएचएस दरमहा प्रसिद्ध करतं, ते आधी पाहून घ्यावेत आणि खासदाराला त्यापलीकडचं विचारायला सांगावं. १८ आठवडे उलटले असतील, तर दुसऱ्या रुग्णालयात हलवण्याची मागणी रुग्णाला स्वतः करता येते. ट्रस्टकडे किंवा कौन्सिलकडे केलेल्या तक्रारीनं समाधान झालं नाही, तर लोकपालाकडे थेट जाता येतं: एनएचएससाठी एक, कौन्सिल आणि देखभालीसाठी दुसरा. तक्रार केंद्र सरकारच्या एखाद्या खात्याविरुद्ध असेल, तरच ती खासदाराच्या हातून पुढे जावी लागते.