मूत्रपिंडाच्या पथ्यात उसळ बसते का?

मीठ न घालता शिजवलेल्या 100 ग्रॅम मुगात साधारण 266 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. चवळीत 278, हरभऱ्यात 291, मसुरात 369 आणि राजम्यात 405. क्रिएटिनिन वाढल्याचं कळलं की घरात पहिली बंदी येते ती कडधान्यांवर. पण मूग आणि राजमा यांच्यात दीडपट अंतर आहे. दोघांना एकच नियम लावणं बरोबर नाही.

आधी प्रथिनं पाहू. ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं आजाराच्या तिसऱ्या ते पाचव्या टप्प्यात, डायलिसिस नसताना, दर किलो वजनामागे दिवसाला 0.8 ग्रॅम प्रथिनं सुचवतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 48 ग्रॅम. मुगाच्या 100 ग्रॅम उसळीतून मिळतात सुमारे 7 ग्रॅम, दिवसाच्या गरजेचा सातवा हिस्सा. डायलिसिस सुरू झालं की गरज किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅमवर जाते. तेव्हा पूर्वीचंच पथ्य चालू ठेवलं, तर अंगावरचं मांस झडतं.

फॉस्फरसचा कागदावरचा आकडा फसवा असतो. शिजवलेल्या 100 ग्रॅम राजम्यात तो 140 मिलिग्रॅमच्या आसपास आहे, पण बराचसा फायटेटमध्ये अडकलेला. त्यामुळे शरीर साधारण निम्म्याहून कमीच शोषतं. पाकीटबंद पदार्थांत आणि कोलामध्ये मिसळलेला फॉस्फेट मात्र 90 टक्क्यांपर्यंत रक्तात उतरू शकतो. 2011 साली अमेरिकेत 9 रुग्णांवर झालेल्या छोट्या अभ्यासात, आठवडाभर शाकाहार घेतल्यावर रक्तातला फॉस्फरस मांसाहाराच्या आठवड्यापेक्षा कमी आढळला.

पोटॅशियम पाण्यात उतरतं. म्हणून कडधान्य रात्रभर भिजवावं, ते पाणी ओतून द्यावं, भरपूर ताज्या पाण्यात शिजवावं आणि तेही पाणी निथळावं. कुकरमध्ये मोजक्या पाण्यात शिजवून सगळं रस्स्यात ठेवलं, तर पोटॅशियम ताटातच राहतं. याच कारणाने पोटॅशियम वाढलेल्यांनी कटाची आमटी टाळावी.

खरा घात करतं सोडियम. नुसत्या शिजवलेल्या मुगात ते जवळपास नसतंच. पण मऊपणासाठी पाव चमचा खायचा सोडा घातला की 300 मिलिग्रॅमहून जास्त सोडियम येतं. दिवसाची मर्यादा 2,000 मिलिग्रॅमची आहे. वर फरसाण, पापड आणि लोणचं आलं की हिशेब कोलमडतो. ‘लो सोडियम’ मीठ हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

रक्तातलं पोटॅशियम 5.5 च्या पुढे असेल, तर डॉक्टर सांगतील तेच पाळा. ते आटोक्यात असेल, तर ताजा रिपोर्ट घेऊन आहारतज्ज्ञांना एकच प्रश्न विचारा: कोणतं कडधान्य, किती ग्रॅम, आठवड्यातून किती वेळा? तो आकडा हातात येईपर्यंत उसळ ताटातून कायमची हद्दपार करू नका.