प्रोजेक्ट मुलांचा, पहिली परीक्षक आई!

डिसेंबर उजाडला की कॉलेजात जाणारी मुलं असलेल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "आई, प्रोजेक्ट कशावर करू गं?" २२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस, म्हणून गणित दिवस. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन. त्या निमित्तानं कॉलेजांतून प्रकल्प मांडले जातात. शिवाय २००६ पासून आपल्या राज्यातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा आहेच. आपलं काम तक्त्यावर मांडायचं आणि परीक्षकांपुढे उभं राहून समजावून सांगायचं.

तुम्ही म्हणाल, "त्यातलं आपल्याला काय कळतंय? सामान आणायला पैसे दिले की झालं." पण मैत्रिणींनो, विकतच्या मॉडेलमधले दिवे कितीही लखलखले, तरी परीक्षकांनी "असं का होतं?" विचारलं की मूल गप्प होतं. स्वतः मोजलेलं असलं की मात्र तोंडाला कुलूप लागत नाही.

आणि आपल्या अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर विषयांना काय तोटा? भरतीचंच घ्या ना. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा झाली की पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं.

आता गंमत बघा. पंधरा तिथींची पाऊणपट सव्वाअकरा येते. पण अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत भरतीची वेळ बारा तास पुढे सरकते. म्हणजे दर तिथीला पंचेचाळीस नव्हे, अठ्ठेचाळीस मिनिटं! तीन-तीन मिनिटांची ही तूट पंधरवड्यात पाऊण तासावर जाते. छापील वेळापत्रकाशी पंधरा दिवस ताडून पाहिलं, जेटीच्या पायरीवरून पाण्याची नोंद ठेवली, की खर्चाशिवाय गणिताचा उत्तम प्रकल्प तयार. पाण्यात उतरायचं मात्र नाही, बरं का! कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येतं, पण वेळ चुकली तर माणसं अडकतात. तेव्हा हे गणित नुसतं मार्कांपुरतं नाही.

रोज रोज नोंदी करायचा मुलांना कंटाळा येतो. त्यांना अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची हकीकत सांगा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यानं कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून डॉ. नानाभाय मूस यांच्या काळात हे काम अलिबागला आलं. इमारतीला लोखंड वर्ज्य! १९०४ साली इथं काम सुरू झालं, तरी १९०६ पर्यंत दोन्हीकडच्या नोंदी सोबतच चालू ठेवल्या. कशासाठी? जुन्या आकड्यांचा नव्याशी मेळ बसावा म्हणून.

मग आपण काय करायचं? एक साधी वही द्या. तारीख, तिथी, वेळ, रोजच्या रोज. रात्री ओटा आवरताना मुलाला किंवा मुलीला समोर बसवा आणि तीनच प्रश्न विचारा. काय मोजलंस? कसं मोजलंस? आणि उत्तर जुळलं नाही तेव्हा काय केलंस? आपल्याला समजेल असं सांगता आलं, तर परीक्षकांनाही सांगता येईल. न जुळलेला आकडा खोडून नवा लिहू देऊ नका. तो का जुळला नाही, हे शोधण्यातच खरा अभ्यास आहे.

एक शेवटचं. पहाटेची भरती बघायला मुलगा सहज जातो, मुलीला मात्र आपण "तू कॅलेंडर बघून लिही" म्हणतो. असं करू नका. शाल अंगावर घ्या आणि तिच्यासोबत जेटीवर जा. परीक्षकांनी विचारलं तर तिला मान वर करून म्हणता आलं पाहिजे, "हे मी स्वतः पाहिलंय."