मालमोटारीचा अपघात आणि वारसांचा हक्क

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणम् नगराच्या परिसरात, मरुदानल्लूर नावाचे एक लहानसे गाव आहे. महाराष्ट्रातील पुष्कळ वाचकांस ते अपरिचित असेल. परंतु १८५५ पर्यंत ज्या मुलखावर भोसल्यांचे राज्य नांदले, त्यातलेच हे एक गाव होय. येथील सद्गुरुस्वामींनी दक्षिणेतील नामसंकीर्तनाच्या परंपरेस जी बैठक घालून दिली, तीत तेलुगू, तामिळ व संस्कृत पदांच्या बरोबरीने मराठी अभंगही आजतागायत गायिले जातात. पंढरीच्या वारकऱ्यास इतक्या दूरच्या प्रांतातही आपलेपणा वाटावा, यात नवल नाही.

अशी यात्रा करून परतणारे एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. कावेरीच्या खोऱ्यातील रस्त्यांवर भाताची पोती, खते, सिमेंट वाहून नेणाऱ्या मालमोटारींची रीघ असते. त्यांपैकी एकीची धडक बसून घरातील कर्ता पुरुष दगावला. मोटारीचा मालक कर्नाटकातला, चालक तिसऱ्याच प्रांतातला, विमा कंपनीची कचेरी मुंबईस, पोलिसांचे कागद तामिळमध्ये, आणि विधवेचे घर सांगली जिल्ह्यात! प्रसंग कल्पित आहे. पण अडचण कल्पित नाही. ‘परमुलखात कोर्टकचेरी कोण करणार?’ असे म्हणून अशा वेळी कित्येक कुटुंबे आपल्या हक्कावर पाणी सोडतात. मालकाच्या माणसाने हातावर ठेवलेली थोडीबहुत रक्कम घेऊन कोऱ्या कागदावर अंगठा उठवून देणारेही आढळतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दुःखाच्या पहिल्या आठवड्यात हिशेब सुचत नसतो, आणि समोरच्या पक्षाला मात्र तो नेमका सुचत असतो.

वस्तुतः अशा कुटुंबांसाठीच कायद्यात वेगळी वाट करून ठेवलेली आहे. पूर्वी मृताच्या वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याचा आधार घेऊन दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागे. कोर्ट फी भारी, आणि निकालास वर्षानुवर्षे विलंब. १९५६ मध्ये मोटार वाहन कायद्यात सुधारणा होऊन स्वतंत्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय झाली. तरीही अर्ज अपघात जेथे घडला तेथेच करावा लागे. १९९४ च्या दुरुस्तीने तेही बंधन सुटले. आता अर्जदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील, अपघातस्थळाच्या अथवा प्रतिवादीच्या निवासस्थानाच्या कक्षेतील, यांपैकी कोणतेही न्यायाधिकरण अर्जदाराला निवडता येते. आपल्या कल्पित विधवेने कुंभकोणम्‌ला खेपा घालण्याचे कारण नाही. तिचा अर्ज सांगलीस चालेल.

हा हक्क किती दूरवर पोहोचतो, हे सातारा जिल्ह्यातील एका प्रकरणावरून चांगले कळते. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोल वाहून नेणारी एक टाकीगाडी व एक मालमोटार यांची टक्कर झाली. टाकीगाडी रस्ता सोडून बाजूस कलंडली आणि तिच्यातून पेट्रोल गळू लागले. उजाडताच आसपासचे लोक तेथे जमले. टकरीनंतर सुमारे चार तासांनी स्फोट होऊन आग भडकली. काही माणसे दगावली, कित्येक भाजली. मृतांत एक तरुण होता. त्याच्या पत्नीने न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. कोणाचा दोष आहे हे सिद्ध करण्यापूर्वीच वारसांना काही रक्कम मिळावी, अशी तरतूद १९८२ मध्ये कायद्यात आली होती. मृत्यूच्या बाबतीत ती रक्कम १५,००० रुपये होती.

न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला. गाडी तर केव्हाच उलटून पडली होती; मग हा मृत्यू ‘मोटारीच्या वापरातून’ ओढवला असे कसे म्हणावे, असा प्रश्न होता. उच्च न्यायालयाने विधवेच्या बाजूने निर्णय दिला. मालक व विमा कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९१ च्या जुलैमध्ये त्या न्यायालयाने अपील फेटाळून सांगितले की, रस्त्यावर निकामी होऊन पडलेली मोटारही ‘वापरात’च असते, गळती टकरीमुळे झाली व स्फोट गळतीमुळे झाला, तेव्हा ही साखळी तुटलेली नाही. पंधरा हजार रुपयांसाठी जवळजवळ चार वर्षे लागली, ही गोष्ट खेदाची खरी. पण त्या एका स्त्रीने धीर सोडला असता तर पुढे कितीतरी कुटुंबांना उपयोगी पडलेला हा निर्णय झालाच नसता.

आजची तरतूद अधिक उदार आहे. २०१९ ची दुरुस्ती या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. तिच्या कलम १६४ प्रमाणे दोष सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. मात्र येथे वाचकांनी विशेष सावध राहावे. विमा कंपनीने देऊ केलेली ही रक्कम एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढील मोठ्या भरपाईचा अर्ज संपुष्टात येतो. पाच लाख हा आकडा गरीब घराला थोर वाटतो. तो घेण्यापूर्वी खरी भरपाई किती होईल याचा हिशेब करून पाहावा.

हा हिशेब काही गूढ नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ मधील दोन निर्णयांनी त्याची रीत ठरवून दिली आहे. समजा, मरण पावलेला मनुष्य ३८ वर्षांचा विणकर होता, स्वतःच्या मागावर महिना १५,००० रुपये मिळवीत होता आणि मागे पत्नी, दोन मुले व आई आहेत. वय चाळिशीच्या आत व व्यवसाय स्वतःचा, म्हणून भावी वाढीदाखल ४० टक्के मिळवावे. रक्कम २१,००० होते. अवलंबून असणारी माणसे चार, तेव्हा मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की १५,७५० उरतात. वर्षाचे १,८९,००० झाले. ३६ ते ४० वयासाठी गुणक १५ आहे. गुणाकार २८,३५,००० रुपये! अंत्यविधीचा खर्च, पतीच्या व पित्याच्या सहवासाची हानी इत्यादी बाबी याहून वेगळ्या. पाच लाख व अठ्ठावीस लाख यांतील अंतर हे त्या मुलांच्या शिक्षणाचे अंतर आहे.

घर सांभाळणाऱ्या स्त्रीचा मृत्यू झाल्यास ‘ती काही कमवीत नव्हती’ असे विमा कंपनीच्या वतीने सांगितले जाई. त्या युक्तिवादाला न्यायालयांनी आता थारा ठेवलेला नाही. २००१ मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाचे मोल पैशात धरले पाहिजे असे स्पष्ट केले. जे सत्य प्रत्येक घराला ठाऊक होते, ते निर्णयपत्रात उतरायला इतका काळ लागावा, हे थोडे चमत्कारिकच.

जखमी मनुष्याच्या दाव्यात निराळी दृष्टी लागते. डॉक्टरांच्या दाखल्यावरील अपंगत्वाचा टक्का हाच कमाईतील घटीचा टक्का नव्हे. सुताराचा हात गेला व कारकुनाचा पाय गेला, तर दोघांचे नुकसान सारखे धरता येत नाही.

आता कागदांविषयी. प्रथम खबर, पंचनामा, मोटारीच्या तपासणीचा अहवाल, शवविच्छेदनाचा अथवा जखमेचा दाखला, मोटारीचे नोंदणीपत्र, विम्याचा दस्तऐवज, चालकाचा परवाना, मृताच्या वयाचा व कमाईचा पुरावा, एवढे हाती असले म्हणजे दाव्याचा पाया झाला. कमाईचा लेखी पुरावा नसेल तर बँकेचे खातेपुस्तक, माल घेणाऱ्या व्यापाऱ्याचा जबाब, शेतीची पावती यांचाही उपयोग होतो. पोलिसांनी अपघाताची पहिली माहिती ४८ तासांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणास कळवावा, असा नियम आहे, आणि कायद्याप्रमाणे तो अहवाल अर्ज म्हणूनही धरता येतो. तरी त्यावर विसंबून राहू नये. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची मुदत २०२२ पासून पुन्हा लागू झाली असून तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. त्या वादाचे काहीही होवो, सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करणे हेच शहाणपणाचे.

चालक फौजदारी खटल्यात सुटला म्हणून भरपाई बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे. चालकाजवळ योग्य परवाना नसल्याचे निघाले तरी न्यायालये बहुधा विमा कंपनीस आधी वारसांना पैसे देण्यास व मागाहून मालकाकडून वसूल करण्यास सांगतात.

एका बाबतीत मात्र कायद्याचे छत्र तोकडे पडते, आणि खेड्यांतील वाचकांनी ते आवर्जून ध्यानात ठेवावे. लग्नाचे वऱ्हाड किंवा मजुरांचे टोळके मालमोटारीत बसवून नेण्याची आपल्याकडे रीत आहे. अशा प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निर्णय आहे. मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधी एवढ्यालाच संरक्षण आहे. बाकीच्यांना दावा लावावा लागतो तो मालकावर, आणि मालकाच्या खिशात काय असेल ते कोणी सांगावे!

धडक देऊन पसार झालेली मोटार सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज अपघात झाला त्या भागातील प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो. मे २०२५ पासून अपघातग्रस्तास नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोख पैसे न भरता मिळण्याचीही योजना आहे. दवाखान्यात पाऊल टाकतानाच तिची चौकशी करावी.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, मुले, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्यास उत्पन्नाची अट नाही; इतरांना ठरावीक मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी माहिती मिळते. लोकअदालतीत तडजोड झाल्यास पैसा लवकर हाती येतो, परंतु तेथील निवाड्यावर अपील नसते. म्हणून आकडा मान्य करण्यापूर्वी वर दिलेला गुणाकार कागदावर करून बरोबर न्यावा.

निकाल लागल्यावर अज्ञान मुलांच्या हिश्श्याची रक्कम ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदतठेवीत ठेवण्याचा आदेश न्यायाधिकरण सामान्यतः देते, आणि व्याजातून घरखर्च चालतो. हे बंधन काहींना जाचक वाटते. पण भरपाईची वार्ता कळताच दूरदूरचे आप्त कसे जवळ येतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्याचे मर्म सांगावे लागणार नाही. आजारपण, शिक्षण किंवा घरबांधणी यांसाठी मध्येच रक्कम हवी असल्यास न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करून ती मागता येते.