मोटारहोमच्या टायरसाठी कॉम्प्रेसर निवडताना...

अमेरिकेत मोटारहोम घेऊन दीर्घ प्रवासाला निघणाऱ्यांची संख्या मोठी आहे. स्वयंपाकघर, शयनगृह आणि पाण्याच्या टाक्या वाहणाऱ्या या वाहनाचा सारा भार टायरमधील हवेवर असतो. हवा कमी असल्यास टायर तापतो आणि भर वेगात फुटण्याचा धोका संभवतो. हवा उतरल्याची सूचना देणारी यंत्रणा तेथे २००७ पासून सक्तीची आहे; मात्र ती ४,५३६ किलोपर्यंतच्या भारित वजनाच्या वाहनांपुरतीच. मोठ्या मोटारहोमच्या मालकाला त्यामुळे स्वतःच दक्ष राहावे लागते.

साध्या मोटारीला ३० ते ३५ पौंड हवा पुरते. मोठ्या मोटारहोमला ८० ते १२० पौंड लागते. छोट्या कॉम्प्रेसरच्या खोक्यावर '१५० पौंड' छापलेले असले, तरी दाब वाढतो तसा हवेचा पुरवठा मंदावतो. म्हणूनच शंभर पौंडांच्या दाबाला मिनिटाला किती हवा मिळते, हे तपासावे. कमाल दाबक्षमता गरजेहून किमान २० पौंडांनी अधिक असावी.

यंत्र सलग किती वेळ चालते, हेही महत्त्वाचे. 'ड्यूटी सायकल ३० टक्के' म्हणजे दहा मिनिटांत सुमारे तीन मिनिटे काम आणि उरलेला वेळ विश्रांती. सहा टायर भरायचे असल्यास असे यंत्र अपुरे पडते. बारा व्होल्टचे शक्तिशाली यंत्र थेट बॅटरीला जोडावे. लायटरच्या सॉकेटला जोडल्यास फ्यूज उडतो. नळी मागील जोडचाकांपर्यंत पोहोचायला हवी.

हवा मात्र प्रवासापूर्वी, टायर थंड असतानाच मोजावी.